फ्रीबीएसडी बसलं, पण पडद्यावर नुसती अक्षरं. डेस्कटॉप कसा चढवायचा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गुहागर तालुक्यात आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचा मी कार्यवाह. वाचनालयात देणगीतून आलेले जुने डेस्कटॉप आहेत. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या मशिनांवर अधिकृतपणे बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बराच नवा प्रोसेसर लागतो.

दिवाळीला पुतण्या ठाण्याहून आला होता. "काका, भंगारात काढू नका" म्हणाला आणि दोन मशिनांवर विंडोजच्या जागी फ्रीबीएसडी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून गेला. सुरू केलं की पांढरी अक्षरं सरसरत जातात आणि शेवटी "लॉगिन" येऊन थांबतात. नाव आणि परवलीचा शब्द दिला की डॉलरचं चिन्ह. झालं, एवढंच. आमच्या ग्रंथपाल बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कार्डांचा जुना लाकडी खण उघडून कामाला लागल्या.

पुतण्याला फोन केला तर "डेस्कटॉप वेगळा टाकायचा असतो, सोपं आहे". तो आता शिफ्टमध्ये. मला लागतं काय, तर ब्राउझर, मराठी टंकन, पीडीएफ वाचता येणं, आणि जमलं तर छपाई. इंटरनेट फक्त मोबाईलचं. कुठून सुरुवात करू?

तांबडीमाती

काका, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. काढून टाका ते. लिनक्स मिंट (दुसरी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवर घ्या, अर्ध्या तासात खिडक्या-बटणांसकट सगळं तयार. वाचनालयात फ्रीबीएसडी कशाला हवंय? ते सर्व्हर चालवणाऱ्यांचं काम.

सुरंगी

+१, पण अर्धाच. वेंगुर्ल्याला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी डेबियन (हेही लिनक्सच) आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरते, मुलांना काहीही अडत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येच कुठला डेस्कटॉप हवा त्याची यादी येते, नंतर टाकायचा झाला तर "टास्कसेल" चालवलं की तीच यादी परत समोर. पण काकांचं मशीन आधीच बसलेलं आहे आणि पुतण्या रात्री फोनवर मदतीला आहे. त्याला जे येतं तेच ठेवावं असं मला वाटतं. उद्या बिघडलं तर धावणार कोण, हा प्रश्न आधी.

कातळशिल्प

रत्नागिरीहून. मी कामासाठी फ्रीबीएसडीच वापरतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे. तांबडीमातीचं म्हणणं चूक नाही, पण काकांनी "काढू का" असं विचारलेलं नाही.

आधी हे समजून घ्या की तुमच्या मशिनात काही बिघडलेलं नाही. फ्रीबीएसडी १९९३ पासून असंच आहे. कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि रोजची मूळ अवजारं एकत्र, एकाच प्रकल्पातून येतात. त्यावरचं सगळं, अगदी चित्रमय पडदासुद्धा, पॅकेज म्हणून नंतर घ्यायचं. पुतण्या डॉलरपर्यंत आणून गेला म्हणजे खालचा मजला पूर्ण आहे.

आता डेस्कटॉप ही एक वस्तू नाही. खालून वर सांगतो:

कर्नलमधला ग्राफिक ड्रायव्हर, जो पडद्याच्या चिपशी बोलतो. त्यावर एक्स, म्हणजे पडदा, माऊस, कीबोर्ड सांभाळणारा सर्व्हर. त्यावर विंडो मॅनेजर, जो खिडक्यांना कडा आणि बंद करायचं बटण देतो. त्याच्याभोवती पट्टी, मेनू, फाईल उघडणारा प्रोग्रॅम, सेटिंग्ज, ह्या सगळ्याला मिळून डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर लॉगिनची सुबक चौकट दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर.

लोक हे पाचही थर एका दमात टाकतात, रीस्टार्ट करतात, पडदा काळा होतो, आणि मग कुठला थर रुसला ते कळत नाही. एक थर टाकायचा, तो चालतोय हे डोळ्यांनी बघायचं, मग पुढचा. वेळ थोडा जास्त जातो, पण काळ्या पडद्यासमोर बसून अंदाज बांधत राहण्यापेक्षा खूपच कमी.

धाग्याच्या नियमाप्रमाणे कमांड देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमनमध्ये टाकायच्या हे सांगायला नको.

शून्याव्या पायरीला इंटरनेट. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मग रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन "केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस". "इफकॉन्फिग" मारलं की "यूई०" नावाचं नवं जाळं दिसेल. "डीएचक्लायंट यूई०" म्हटलं की पत्ता मिळतो. जुन्या मशिनांत वायफायच्या मागे लागू नका, फ्रीबीएसडीत ती दुखरी बाजू आहे. एवढं झालं की कळवा.

बाबल्या

पुतण्यान काकाक बरो कामाक लावल्यान! पायो घालूच्या आधी कौलां चढवतत तशी सगळ्यांची घाई. कातळाचां ऐका, एकेक थर बघून वर चढा. आणि देवगडात सध्या लाईट तासाक एकदा जाता, तुमच्याकडे पण तीच गत आसतली. डाउनलोड चालू असताना मशीन यूपीएसवर ठेवा, नायतर अर्ध्यात रवतला.

खाडीकाठ

यूई० दिसलं, पत्ता मिळाला. "पिंग" पण चालतंय. पुढे?

कातळशिल्प

उत्तम. पुढे जाण्याआधी एक विचारतो. मशीन बसवताना पुतण्याने झेडएफएस (डिस्कवर फाईल्स ठेवायची एक पद्धत) निवडलं होतं का? "झेडएफएस लिस्ट" मारून बघा. यादी आली तर पहिलं काम हे: "बीईसीटीएल क्रिएट डेस्कटॉपआधी". ह्याने आत्ताच्या सगळ्या प्रणालीची खूणगाठ तयार होते. पुढे काहीही विस्कटलं तर मशीन सुरू होताना जो मेनू येतो त्यात बूट एन्व्हायर्नमेंट निवडून पुन्हा ह्याच जागी येता येतं. क्षणात होतं आणि सुरुवातीला जागाही जवळपास काही लागत नाही.

मग पहिला थर. "पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड". पीकेजी (पॅकेजं उतरवणारं अवजार) पहिल्यांदाच वापरत असाल तर ते आधी स्वतःलाच उतरवून घ्यायचं का विचारेल, हो म्हणा. ते झालं की "केएलडीलोड आय९१५केएमएस". तुमचं इंटेलचं ग्राफिक आहे म्हणून हे नाव. एएमडीच्या नव्या कार्डांना "एएमडीजीपीयू", जुन्यांना "रेडिऑनकेएमएस".

ड्रायव्हर लागला की पडदा क्षणभर मिटतो आणि अक्षरं बारीक, रेखीव होऊन परत येतात. ती बारीक झाली म्हणजे पहिला थर पक्का. तसं दिसल्यावरच कायमचं करा: "सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस". हे आरसी डॉट कॉन्फमध्ये लिहिलं जातं. नेटवर काही जुन्या लेखांत हेच लोडर डॉट कॉन्फमध्ये लिहायला सांगतात, ते करू नका. हा ड्रायव्हर इतक्या लवकर लोड करायचा नसतो.

शेवटी तुमचं खातं व्हिडिओ गटात घाला: "पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम" आणि पुढे खात्याचं नाव.

दर्यावर्दी

जहाजावरून वाचतोय, नेट मिळालं म्हणून लिहून घेतो. काका, ड्रायव्हर लागला की थेट केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप घ्या. १९९६ पासूनचा प्रकल्प, सगळं एका घरातलं. फाईल मॅनेजर, पीडीएफसाठी ओक्युलर, फोन जोडायला केडीई कनेक्ट. विंडोजवरून आलेल्या माणसाला पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे, सगळं सवयीच्या जागी. एक्सएफसीई मला अजून २००५ सालात अडकल्यासारखं वाटतं.

सुरंगी

दर्यावर्दी, तुमच्या लॅपटॉपला रॅम किती आहे ते पण सांगा की! काकांकडे ४ जीबी आहे आणि त्यात ब्राउझर उघडायचाय. रॅम खातो तो ब्राउझरच, मग डेस्कटॉपने जितकं कमी घ्यावं तितकं चांगलं. प्लाझ्मा ४ जीबीवर चालतो, नाही असं नाही, पण चार टॅब उघडल्यावर मशीन स्वॅपमध्ये जातं (रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरतं) आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप म्हणजे माऊस हलायची वाट बघत बसा.

दुसरं म्हणजे मशीनपुढे बसणार कोण ते बघा. काकांकडे ग्रंथपाल बाई आणि शाळेतली मुलं. त्यांना सेटिंग्जची शंभर पानं नकोत. माझ्याकडची मुलं पहिल्या आठवड्यात काय करतात सांगू? पट्टी ओढून उभी करतात आणि मग ती नाहीशी करतात. एक्सएफसीईत पट्टीवर उजवी टिचकी मारून पॅनेलच्या सेटिंगमध्ये जागा पक्की करायची खूण असते, ती आधी करा. आणि सेशनच्या सेटिंगमध्ये "बाहेर पडताना सेशन आपोआप जतन करा" ही खूण काढून टाका, नाहीतर कालच्या मुलाने उघडलेल्या सगळ्या खिडक्या आजच्या मुलासमोर उघडतात.

कातळशिल्प

माझंही मत एक्सएफसीई. हा प्रकल्पही १९९६ च्याच सुमारास सुरू झाला, तेव्हा महागड्या युनिक्स मशिनांवर सीडीई नावाचा डेस्कटॉप असायचा, त्याच्यासारखं काहीतरी फुकटात हवं म्हणून. २००५ सालचा दिसतो हे दर्यावर्दींचं म्हणणं खरं आहे, आणि वाचनालयात तोच गुण आहे. दर वर्षी बटणांच्या जागा बदलत नाहीत.

खाडीकाठ

अक्षरं बारीक झाली! पहिल्या मशीनवर तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं. झेडएफएस आहे, खूणगाठ पण बांधली.

दुसऱ्या मशीनवर मात्र तीच कमांड दिली तर लोड होत नाही. "केएलडी आय९१५केएमएस डिपेंड्स ऑन कर्नल, नॉट अव्हेलेबल ऑर व्हर्जन मिसमॅच" असं काहीतरी येतं. दोन्ही मशिनं एकसारखी आहेत, एकाच देणगीतली. मग फरक कसला?

तांबडीमाती

म्हणून म्हटलं होतं मिंट टाका.

कातळशिल्प

मिंटच्या धाग्यात भेटू, साहेब.

काका, हा संदेश बघून आनंद झाला, कारण नेमकं कुठे दुखतंय ते तो सांगतोय. दोन्ही मशिनांवर "फ्रीबीएसडी-व्हर्जन -के" मारा आणि आकडे द्या.

खाडीकाठ

पहिलं १४.३ रिलीज. दुसरं १४.१ रिलीज. पुतण्याकडे दोन पेनड्राइव्ह होते खरे.

कातळशिल्प

सापडलं. ग्राफिक ड्रायव्हर हा कर्नलमध्ये घुसणारा तुकडा आहे, तो ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जुळतो. ब्राउझर किंवा एक्सएफसीई १४ मालिकेतल्या कुठल्याही आवृत्तीवर सहसा चालतात, पण ड्रायव्हरला दशांशानंतरचा आकडाही महत्त्वाचा. १४.१ चा आधार ३१ मार्च २०२५ ला संपला, त्यामुळे आता जी पॅकेजं बांधली जातात ती त्याच्यापेक्षा नव्या आवृत्तीवर. पॅकेज उतरवताना पीकेजीने "नव्या आवृत्तीसाठीचं पॅकेज आहे, तरी पुढे जाऊ का" असं काहीतरी विचारलंही असेल. तो प्रश्न दिसला की थांबायचं.

उपाय: दुसऱ्या मशीनवर आधी खूणगाठ, मग "फ्रीबीएसडी-अपडेट -आर १४.३-रिलीज अपग्रेड". ते बराच वेळ घेतं, मध्ये काही फाईल्स दाखवून विचारतं, पान पुढे सरकवत वाचा आणि हो म्हणा. मग "फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल", रीस्टार्ट, पुन्हा तीच इन्स्टॉल कमांड. शेवटी "पीकेजी अपग्रेड -एफ", म्हणजे सगळी पॅकेजं नव्याने बसतात. त्यानंतर ड्रायव्हर लोड करून बघा.

१४.२ पासून ड्रायव्हरांसाठी केमॉड्स नावाचं वेगळं भांडार आलंय, त्यात प्रत्येक आवृत्तीसाठी ते वेगवेगळे बांधून ठेवतात. त्यामुळे हा घोळ पुढे बराच कमी होईल. आधी हे नव्हतं तेव्हा दर अपग्रेडनंतर काही काळ काळा पडदा हे ठरलेलंच असायचं.

तोवर पहिल्या मशीनवर दुसरा थर: "पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग". मग काही न टाकता "स्टार्टएक्स". एक-दोन ओबडधोबड पांढऱ्या खिडक्या आणि घड्याळ आलं की एक्स चालतोय. ते दिसायला भयाण असतं, घाबरू नका. त्यातल्या "लॉगिन" नावाच्या खिडकीत "एक्झिट" लिहिलं की बाहेर. काही आलंच नाही तर व्हार-लॉगमध्ये एक्सऑर्ग डॉट शून्य डॉट लॉग नावाची फाईल आहे, तिच्यात कंसात दोन ई असलेल्या ओळी शोधा आणि इथे टाका. कॉन्फिगरेशन फाईल लिहायच्या भानगडीत पडू नका. आजकाल एक्स स्वतःच सगळं ओळखतो, उलट नेटवरून उचललेली जुनी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ असली की तीच आड येते.

बाबल्या

कातळानु, ह्यां सगळां लिवन ठेवा खंय तरी. मी पण माझ्या आंब्याच्या शेडमधला मशीन काढतंय भायर. पेटयेचे हिशेब काय रंगीत लागणत नाय.

खाडीकाठ

घड्याळ आलं. भयाण आहे खरंच. बाईंनी बघितलं आणि "ह्यापेक्षा ती काळी पाटी बरी" म्हणाल्या.

दुसऱ्या मशीनचं अपग्रेड रात्रभर चालवलं (फोनचा डेटा संपला, मग मुलीचा फोन जोडला). सकाळी ड्रायव्हर लागला, अक्षरं बारीक झाली. तुमचे किती आभार मानू.

कातळशिल्प

आता गोड भाग. "पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई एक्सएफसीई४-गुडीज". सोबत "फायरफॉक्स" आणि पीडीएफसाठी "अट्रिल". मग "सिसआरसी डीबस_इनेबल=येस" आणि "सर्व्हिस डीबस स्टार्ट". डीबस म्हणजे ह्या प्रोग्रॅम्सचा आपसात निरोप द्यायचा मार्ग. तो बंद असेल तर डेस्कटॉप उघडतो पण अर्धवट वागतो, आणि लोक दोष एक्सएफसीईला देतात.

तुमच्या होम फोल्डरमध्ये "डॉट एक्सइनिटआरसी" नावाची फाईल करा, त्यात एकच ओळ: "एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४". मग "स्टार्टएक्स". ह्या वेळी पूर्ण डेस्कटॉप आला पाहिजे.

तो नीट चालतोय, ब्राउझर उघडतोय, बाहेर पडता येतंय, इतकं सगळं झाल्यावरच शेवटचा थर: "पीकेजी इन्स्टॉल लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर" आणि "सिसआरसी लाइटडीएम_इनेबल=येस". हे आधी केलंत आणि खालचा कुठला थर कच्चा असला तर मशीन सुरू होताच काळं होतं. तसं झालं तरी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून अक्षरांच्या पडद्यावर जाता येतं. फ्रीबीएसडीत अक्षरी पडदे एफ१ ते एफ८ आणि चित्रमय पडदा साधारणपणे एफ९ वर असतो. हे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा.

मोरपीस

मध्येच घुसते. मालवणला आमच्याकडेही असंच केलं होतं, आणि डेस्कटॉप आल्यावर पहिल्या मराठी बातमीत सगळीकडे चौकोनी डबे! काका, तुम्हालाही तेच दिसणार. फ्रीबीएसडीत देवनागरी फॉन्ट आपोआप येत नाही. "नोटो" हे फॉन्टांचं पॅकेज पूर्ण घ्या, मोठं आहे पण एकदाच. मग "एफसी-लिस्ट", पुढे कोलन लावून "लँग=एमआर". मराठी दाखवू शकणाऱ्या फॉन्टांची यादी आली म्हणजे झालं, ब्राउझर बंद करून परत उघडा.

टंकनासाठी "आयबस" आणि "आयबस-एम१७एन". त्यात मराठीच्या बऱ्याच पद्धती मिळतात. तुमच्या बाई टायपिंग शिकलेल्या असतील तर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा सरकारमान्य कळफलक) द्या, सरकारी परीक्षांना बसणाऱ्या मुलांनाही तीच उपयोगी. उच्चाराप्रमाणे रोमनमधून टंकणाऱ्यांसाठी गमभन पण आहे त्यात, आपल्यातल्या निम्म्या लोकांचा हात त्याच्यावरच बसलाय. आयबस चालू करून भागत नाही. "एक्समॉडिफायर्स", "जीटीके_आयएम_मॉड्यूल" आणि "क्यूटी_आयएम_मॉड्यूल" ही तीन चलं आयबसकडे वळवावी लागतात, नाहीतर एका प्रोग्रॅममध्ये मराठी उमटतं आणि दुसऱ्यात नाही.

आणि एक कटू गोष्ट आत्ताच सांगते. तुमची जुनी पुस्तकयादी वर्डमध्ये श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर ती इथे विचित्र रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. तो डेस्कटॉपचा दोष नाही. ते युनिकोडच नाही, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट शोधत बसू नका, यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरं हाताने तपासायला लागतात, त्याला पर्याय नाही.

खाडीकाठ

मोरपीस ताई, तुम्ही आमच्या कपाटात डोकावून गेलात काय? यादी श्रीलिपीतच आहे. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या कार्डं आहेत, त्यांच्यावरून नव्यानेच टंकू, तेवढीच पुस्तकांची मोजदाद होईल.

डेस्कटॉप आला हे सांगायचं राहिलंच! उंदराचं चित्र आणि निळा पडदा. दुसऱ्या मशीनवरही. डबे पण गेले. आता एक शंका. माझ्या खात्यातून पानं झरझर सरकतात. मुलांसाठी "वाचक" म्हणून वेगळं खातं केलं, त्यातून मात्र सगळं अडखळतं, व्हिडिओ तर तुटक तुटक. मशीन तेच, मग असं का?

कातळशिल्प

वाचक व्हिडिओ गटात नाही. त्याला ग्राफिक चिपच्या दाराशीच अडवलं जातं, मग सगळं चित्र प्रोसेसर रंगवत बसतो. तुमच्या खात्यासाठी दिली तीच कमांड त्याच्या नावाने द्या, लॉगआउट करून परत या. व्हील गटात मात्र त्याला घालू नका, तो रूट होण्याचा रस्ता आहे.

मशीन बंद करायचं बटण फिकं दिसत असेल तर वाचकाला "ऑपरेटर" गटात घाला आणि डेस्कटॉपवर "शटडाउन -पी नाऊ" चा एक आयकॉन करून ठेवा. मुलं नाहीतर थेट भिंतीवरचं बटण दाबतात. झेडएफएस ते सहन करतं, हार्ड डिस्क किती सहन करेल ते तिचं तिला माहीत.

दर्यावर्दी

सगळं ठीक, पण एक्स आता किती दिवसांचा सोबती? एक्स११ हा १९८७ सालचा प्रोटोकॉल. त्याच्या जागी येणाऱ्या वेलँडचं काम २००८ ला सुरू झालं, आणि सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ ह्या डेस्कटॉपमध्ये तर एक्सचं सेशन मुळातच बंद ठेवून देतात. काकांना जुनंच शिकवताय.

कातळशिल्प

मुद्दा बरोबर आहे. पण एक्सएफसीईत वेलँड डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये आलं तेही प्रायोगिक म्हणूनच, आणि मराठी टंकनाचं गाडं तिथे अजून जागोजागी अडतं. वाचनालयाला आज चालणारं हवं. खालचा थर बदलायची वेळ येईल तेव्हा डीआरएम-केमॉड तोच राहील, बाईंना कळणारसुद्धा नाही.

सुरंगी

किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी एक अवांतर. पावसाळ्यानंतर मशीन सुरूच झालं नाही आणि नुसती बीप वाजली तर लगेच सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. वीज काढून, रॅम बाहेर काढून साध्या खोडरबराने पट्ट्या पुसा, कण झटका, परत घट्ट बसवा. आमच्या प्रयोगशाळेत जूनमध्ये हा कार्यक्रम असतोच. आणि बंद मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवू नका, आत ओल कोंडते.

खाडीकाठ

वाचक आता झरझर. शेवटचा प्रश्न छपाईचा. एक छोटा लेझर प्रिंटर आहे, झेरॉक्सच्या दुकानांत असतो तसला, फक्त यूएसबीवाला. कप्स (छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलं, प्रिंटर दिसतो, पण कागद येत नाही.

कातळशिल्प

त्या वर्गातल्या काही प्रिंटरांची भाषा बंदिस्त असते. संगणकावरचा कंपनीचाच ड्रायव्हर पान तयार करून देतो, आणि तो ड्रायव्हर फ्रीबीएसडीसाठी नसतो. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ह्या प्रिंटरच्या सर्रास भाषा समजणारा, किंवा नेटवर्कवरून आयपीपी बोलणारा प्रिंटर असता तर कप्सने लगेच छापलं असतं. तुमच्या मॉडेलला खुला ड्रायव्हर आहे का ते पॅकेजांत शोधू, नाव व्यक्तिगत निरोपात पाठवा. नसला तर त्यावर दिवस घालवू नका.

तांबडीमाती

काका, तिसरं मशीन अजून रिकामं आहे ना? त्यावर मिंट टाका आणि प्रिंटर तिथे जोडा. लिनक्ससाठी बऱ्याच कंपन्या ड्रायव्हर देतात. पुढे पुस्तकांची देवघेव कोहावर (वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर) न्यायची झाली तर तेही डेबियनवरच सुखाने चालतं, आणि बाकीच्या मशिनांना फक्त ब्राउझर लागतो. शनिवारी चिपळूणला कामाला येणार आहे, तिथून गुहागर काही लांब नाही. पेनड्राइव्ह घेऊन येतो.

कातळशिल्प

हे पटलं. प्रिंटर मिंटवरून वाटून द्या, फ्रीबीएसडीच्या मशिनांवरचं कप्स त्याला नेटवर्कवरून पान पाठवेल, ड्रायव्हर तिकडेच राहील. त्यासाठी तिन्ही मशिनं एका राउटरला केबलने जोडावी लागतील.

खाडीकाठ

या की शनिवारी, तांबडीमाती. जेवायलाच या. केबल मात्र येताना चिपळूणहून आणा, इथे मिळत नाही. साधारण वीस मीटर, दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली.